सेकंद काटा जागीच थरथरतोय : क्वार्ट्झ घड्याळाचं मशीन खरंच बदलायचं का, आणि कसं

चिपळूणहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या वडिलांचं सोनेरी केसचं (म्हणजे बाहेरच्या डबीचं), तीन काट्यांचं, तारीख नसलेलं क्वार्ट्झ घड्याळ वडील गेल्यापासून आठ-नऊ वर्षं कपाटात पडून होतं. आता नवा सेल घातला तर सेकंद काटा नऊच्या आकड्यापाशी जागच्या जागी थरथरतो, पुढे सरकत नाही. दुसरा सेल घालून पाहिला, तरी तेच. दुकानदार म्हणाला, ‘मशीन गेलं, बदलावं लागेल.’ झाकण उघडं होतं तेव्हा आतल्या पत्र्यावर ‘मियोटा 2035’ असं त्यांनी वाचलं. मशीन खरंच गेलं असेल का, बदललं तर ते वडिलांचंच घड्याळ राहील का, आणि हे काम घरी जमेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सांगलीत पस्तीस वर्षं मी हेच काम करतोय. एचएमटीच्या चावीच्या घड्याळांवर हात बसवला आणि मग हळूहळू दुकानातली जवळजवळ सगळी घड्याळं सेलवर चालणारी झाली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, काटा थरथरतोय ही चांगली बातमी आहे. क्वार्ट्झ मशीनच्या आत एक बारीक चिमट्याच्या आकाराचा स्फटिक असतो. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. सर्किट हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत जातं, शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो. तो ठोका तांब्याच्या कॉइलमधून जातो, कॉइलच्या टोकांमध्ये बसलेला ज्वारीच्या दाण्याहून लहान चुंबकी रोटर अर्धा फेरा फिरतो आणि पुढची दातेरी चाकं सेकंद काट्याला एक घर पुढे ढकलतात. म्हणजे तुमचा काटा नुसता थरथरत असला तरी स्फटिक चालू आहे, सर्किट चालू आहे, कॉइल तुटलेली नाही. ठोका पोहोचतोय, पण चाक ढकलायला पुरत नाही. कॉइल तुटली असती तर काटा मेल्यासारखा स्थिर राहिला असता.

आणि नऊपाशीच का? सहापासून बारापर्यंत काट्याला चढ असतो. घड्याळ उभं धरलं तर नऊवर काटा आडवा येतो आणि त्याचं वजन उचलायला सगळ्यात जास्त जोर लागतो. जोर कमी पडणारं मशीन इथेच अडकतं. एक प्रयोग करा. घड्याळ टेबलावर डायल वर करून सपाट ठेवा. सपाट ठेवल्यावर काटा चालायला लागला आणि उभं केलं की थांबला, तर जोर कमी पडतोय हे नक्की.

जोर कमी पडण्याची कारणं चार. मशीन बदलण्याआधी ती एकेक करून बाद करायला हवीत. दुकानदाराने तेवढा वेळ दिला की नाही मला माहीत नाही, पण दहा मिनिटांचं काम आहे.

पहिलं कारण सेल. 2035 ला एसआर 626 एसडब्ल्यू हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल लागतो. 6.8 मिलिमीटर व्यासाचा, 2.6 जाडीचा, 377 या नंबरानेही मिळतो. त्याच मापाचा अल्कलाइन सेल एजी 4 किंवा एलआर 626 या नावाने खेळण्यांच्या दुकानात पुठ्ठ्यांवर लटकलेला असतो, आणि तोच घड्याळात बसवला जातो. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल 1.55 व्होल्ट देतो आणि संपेपर्यंत जवळपास तेवढाच देत राहतो. अल्कलाइनचा व्होल्टेज पहिल्या दिवसापासून उतरत जातो, आणि तो गळतोही लवकर. तुम्ही घातलेले दोन्ही सेल एकाच पुठ्ठ्यावरचे असतील तर दोन वेळा तपासल्याचा अर्थ एकदाच तपासलं असा होतो. मल्टिमीटरवर नवा सेल 1.55 च्या आसपास दिसला पाहिजे.

दुसरं, संपर्काच्या पट्ट्या. आठ-नऊ वर्षं जुना सेल आतच राहिला असेल तर तो गळला असण्याची शक्यता मोठी, त्यातून चिपळूणची दमट हवा. पट्टीवर पांढरा किंवा हिरवट थर दिसतो. लाकडी टूथपिकच्या टोकाला पांढऱ्या व्हिनेगरचा अगदी पुसट ओलावा घेऊन तो थर सोडवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. थेंब पडू द्यायचा नाही. थर सर्किटच्या रेषांवर चढलेला असेल तर मात्र पुसून उपयोग नाही, त्या रेषा खाल्ल्या गेलेल्या असतात.

तिसरं, काटे एकमेकांना किंवा काचेला घासणं. भिंग लावून बाजूने पाहा. पडलेल्या घड्याळात मिनिट काटा जरासा वर वाकलेला असतो आणि सेकंद काटा दर फेऱ्यात तिथे अडतो. असं असेल तर काटा नेहमी मिनिट काट्याशीच थांबेल, नऊशी नाही.

चौथं कारण फार थोडे लोक तपासतात. रोटर हा चुंबक असतो. झाकणाच्या स्क्रूचा, घासलेल्या आट्यांचा लोखंडी कीस आत पडला तर तो सरळ रोटरला जाऊन चिकटतो आणि त्याला फिरू देत नाही. असं एक घड्याळ माझ्याकडे तीन दुकानं फिरून आलं होतं, तिन्हीकडे मशीन बदला असं सांगितलेलं. रोटरपाशी केसाच्या तुकड्याएवढा कीस होता. घड्याळाच्या कामाची चिकट पुटी मिळते, तिच्या टोकाने तो उचलला आणि घड्याळ चालू झालं. गिऱ्हाईक मशीनचे पैसे द्यायच्या तयारीने आलं होतं. त्या दिवसापासून भिंगाखाली रोटर पाहिल्याशिवाय मी कुणाला मशीन गेलं असं सांगत नाही.

ही चारही कारणं नसतील तर उरतं चाकांच्या टोकांना सुकलेलं तेल आणि साचलेली धूळ. इतकी वर्षं बंद पडलेल्या घड्याळात बहुतेक हेच असतं. आता प्रश्न येतो साफ करायचं की बदलायचं. इथे मशीन कोणतं आहे यावर सगळं अवलंबून आहे. स्विस ईटीए 955.112 सारखं धातूच्या पुलांचं (पूल म्हणजे चाकं जागेवर धरणाऱ्या पट्ट्या), 7 ज्युएलचं (चाकांची टोकं ज्यांत फिरतात त्या खड्यांचं) मशीन असेल तर मी ते खोलतो, धुतो, तेल देतो. ते त्या मेहनतीच्या लायकीचं असतं आणि पुढे वर्षानुवर्षं चालतं. मियोटा 2035 वर मात्र कंपनीनेच ‘नो ज्युएल्स’ असं कोरलेलं असतं. त्यात बरंचसं प्लास्टिक असतं आणि ते मुळात बदलण्यासाठीच बनवलेलं आहे. जपानच्या सिटिझन गटाचं हे मशीन जगात सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या घड्याळ-मशीनांपैकी एक आहे, आजही नवंकोरं मिळतं, आणि त्याची धुलाई करायला लागणाऱ्या मजुरीपेक्षा नवं मशीन स्वस्त पडतं. म्हणून ताई, वरचं सगळं तपासून झाल्यावरही काटा थरथरतच असेल तर दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. बदला.

ते वडिलांचं घड्याळ राहील का, याबद्दल. त्यांनी रोज पाहिलेलं डायल तेच राहणार, काटे तेच, केसवरचे ओरखडे तेच, त्यांच्या बोटांनी गुळगुळीत झालेली चावीही तीच राहू शकते. ती कशी ते पुढे सांगतो. जुनं मशीन मात्र दुकानात सोडू नका, मागून घ्या. मी माझ्या गिऱ्हाइकांना ते छोट्या पाकिटात घालून देतोच. अनेकांना नको असतं, पण घरातल्या गेलेल्या माणसाचं घड्याळ असेल तर बहुतेक जण ते पाकीट जपून नेतात.

आता घरी जमेल का. साधं तीन काट्यांचं, तारीख नसलेलं घड्याळ, आणि त्याच नंबरचं नवं मशीन हाताशी, ही या कामातली सगळ्यात सोपी परिस्थिती आहे, आणि तुमची तीच आहे. सुईत दोरा ओवताना हात थरथरत नसेल तर जमेल. तरीही आधी एखाद्या स्वस्त, बंद पडलेल्या घड्याळावर एकदा सगळं करून पाहा. वडिलांचं घड्याळ हे तुमचं दुसरं घड्याळ असू द्या.

मशीन घेताना नंबर अक्षरन् अक्षर जुळवा. नंबर एकच असला तरी काही मशीनं वेगवेगळ्या काटा-उंचीत येतात. म्हणजे डायलमधून वर येणारी, काटे बसतात ती नळी कमी-जास्त उंच असते. जाड डायलला उंच नळी लागते. उंच नळीचं मशीन पातळ घड्याळात बसवलं तर सेकंद काटा काचेला लागतो. जुनं आणि नवं मशीन शेजारी धरून बाजूने पाहिलं की फरक लगेच कळतो. नकली मशीनंही बाजारात भरपूर आहेत. ती दिसायला हुबेहूब असतात आणि काट्यांची भोकं किंचित सैल पडतात.

तुमचा नंबर सोपा आहे म्हणून बरं, पण इतरांसाठी सांगतो. जुन्या मशीनचा नंबरच बंद झालेला असेल तर मापं जुळवावी लागतात. व्यास अजूनही ‘लीन’ या जुन्या फ्रेंच मापात सांगतात, एक लीन म्हणजे सुमारे 2.256 मिलिमीटर. 2035 हे पावणेसात गुणिले आठ लीनचं, 3.15 मिलिमीटर जाडीचं मशीन आहे. व्यास जुळला तरी काम झालं नाही. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, ते नव्या मशीनच्या भोकांत बसले पाहिजेत. काट्यांची भोकं जुळली पाहिजेत. तारखेची खिडकी तीनवर आहे की सहावर ते पाहायला हवं. आणि जे विसरलं जातं ते म्हणजे चावीच्या दांडीची उंची. नव्या मशीनमध्ये दांडीचं भोक अर्ध्या मिलिमीटरने वर-खाली असलं तरी ते केसच्या भोकासमोर येत नाही आणि चावी कायमची घट्ट फिरते. काही जण डायलचे पाय कापून डायल चिकट टिकल्यांनी बसवतात. तो शेवटचा उपाय आहे. एकदा कापलेला पाय परत येत नाही, म्हणून मालकाला विचारल्याशिवाय मी ते करत नाही.

आता तुमच्या घड्याळाकडे. पंखा बंद करा. टेबलावर पांढरा कागद, मांडीवर पांढरा टॉवेल, दारं-खिडक्या लावलेल्या. झाकण दाबून बसवलेलं असेल तर त्याच्या कडेला एक खाच असते, तिथेच पातळ पातं लावायचं, दुसरीकडे नाही. झाकण उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा. मशीनभोवती प्लास्टिकची रिंग असेल तर ती कुठल्या बाजूने बसली आहे ते फोटोत आलं पाहिजे.

सेल आधी काढा. सेलच्या शेजारीच तांब्याची कॉइल उघडी दिसेल. तिची तार केसापेक्षा बारीक असते. सेल काढताना निसटलेलं एक पातं तिला पुरतं, आणि दुरुस्तीला आलेली कित्येक मशीनं सेल बदलताना अशीच मेलेली असतात. मल्टिमीटर असेल तर कॉइलच्या दोन टोकांवर लावून पाहा. साधारण 1 ते 2.5 किलोओहम दिसले पाहिजेत. काहीच दिसलं नाही तर तार तुटली. नव्या मशीनचीही ही तपासणी बसवण्याआधीच करा.

मग चावी. दांडी मशीनच्या आत जिथे शिरते तिथे एक छोटा खळगा किंवा दाबायची पट्टी असते. ती टोकदार वस्तूने हलकेच दाबायची आणि त्याच वेळी चावी ओढायची. काही मशीनांत हा खळगा चावी एका ठरावीक स्थितीत असतानाच दिसतो. दिसला नाही तर चावी एक टप्पा ओढून किंवा आत ढकलून पाहा, पण अंदाजाने दाबू नका. जोरात दाबलं तर आतली पट्टी जागेवरून सुटते आणि दांडी नंतर धरतच नाही.

केस उलटी करून मशीन डायलसकट मऊ कापडावर उतरवा. डायलला आणि काचेच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. जुन्या डायलवर उमटलेला घामाचा ठसा पुसला तर कधीकधी छपाईही पुसली जाते. दांडी परत घालून तिन्ही काटे होईल तेवढे एकावर एक आणा, डायलवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा मधून चीर देऊन पसरा, आणि काटे काढायच्या दोन पात्यांनी दोन्ही बाजूंनी एकदम सरळ वर उचला. काटे कागदावर क्रमाने ठेवा आणि त्यांच्यावर उपडी वाटी झाका.

डायल काढताना त्याच्या कडेला, पायांजवळ पातं घालून थोडं इकडून, थोडं तिकडून सोडवा. डायलखाली तास काट्याचं चाक असतं आणि काही मशीनांत त्याच्यावर कागदाइतकं पातळ, किंचित फुगीर वॉशर असतं. डायल निघालं की ते दोन्ही मोकळे होतात. मशीन उलटं केलं की पडतात, आणि वॉशर फरशीवर पडलं तर सापडत नाही. वॉशर परत घातलं नाही तर तास काटा सैल राहतो आणि पुढे वेळ चुकीची दिसायला लागते.

नव्या मशीनवर डायल बसवा. आता जुनी दांडी. नवं मशीन लांबलचक दांडीसकट येतं, ती मापाने कापावी लागते. पण नंबर तोच असेल तर वडिलांच्या चावीसकट जुनी दांडीच नव्या मशीनमध्ये घाला. लांबी बरोबर, चावी तीच, कापाकापी नाही. दांडी गंजलेली असेल तर मात्र नवी घ्यावी लागते. मग आधी जरा लांबच कापा आणि कानशीने एकेक घास घेत कमी करा. कापताना तुकडा उडतो, डोळ्यांवर चष्मा हवा.

काटे बसवणं हे या कामाचं खरं हृदय आहे. तास काटा बरोबर बारावर, मिनिट काटाही बरोबर बारावर, दोन्ही डायलला समांतर. तारखेचं घड्याळ असतं तर आधी चावीने तारीख पालटेपर्यंत फिरवून, ती पालटली त्या क्षणी दोन्ही काटे बारावर बसवले असते, नाहीतर तारीख संध्याकाळी बदलते. मग चावीने पूर्ण बारा तास फिरवून प्रत्येक आकड्यावर तास काटा नेमका येतो का ते पाहा, काटे एकमेकांवरून जाताना भिंगातून बाजूने पाहा. सेकंद काट्याच्या नळीचं भोक 0.2 मिलिमीटरच्या आसपास असतं. काटा चिमट्याने दाबायचा नाही. चिकट पुटीने अलगद जागेवर ठेवा, टोक बसलंय असं वाटलं की सपाट प्लास्टिकच्या दांडीने सरळ खाली दाबा. त्या वेळी मशीनच्या खाली मधोमध टेकू हवाच. टेकू नसेल तर तो दाब प्लास्टिकच्या पुलावर जातो आणि नवं मशीन बसवता बसवता मोडतं. पहिल्या वर्षी माझ्या हातून अशी दोन मशीनं गेली, तेव्हापासून मशीन धरायच्या साच्याशिवाय मी सेकंद काट्याला हात लावत नाही.

केसमध्ये घालण्याआधी सेल टाकून दहा मिनिटं उघड्यावरच चालू द्या. काही मशीनांवर ‘एसी’ असं छापलेलं असतं, तिथे सेल घातल्यावर धातूच्या चिमट्याने ती जागा आणि सेलची अधिक बाजू क्षणभर जोडावी लागते, नाहीतर सर्किट गोंधळलेलंच राहतं. तुमच्या 2035 ला ते लागत नाही.

काचेच्या आतून हवेच्या फुग्याने धूळ उडवा, मशीन खाली घाला, रिंग फोटोप्रमाणे बसवा. झाकणाखालची रबरी रिंग चपटी किंवा कडक झाली असेल तर बदला, नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. झाकण बोटांनी बसत नसेल तर हट्ट करू नका. काचेवर जोर देऊन झाकण दाबताना काच फुटते. दुकानात झाकण दाबायचं यंत्र असतं, पाच मिनिटांचं काम आहे, तिथे न्या. आणि झाल्यावरही या घड्याळाला पाण्यापासून लांब ठेवा, मागे काहीही लिहिलेलं असलं तरी.

पुढचे चोवीस तास घड्याळ काही वेळ सपाट, काही वेळ चावी खाली करून उभं ठेवा. मोबाइलच्या वेळेशी जुळवा आणि महिन्याने परत पाहा. 2035 महिन्याला 20 सेकंदांपर्यंत पुढे-मागे जाऊ शकतं, तो दोष नाही. 626 च्या सेलमध्ये 25 ते 28 मिलिअँपिअर-तास असतात आणि चांगलं 2035 मायक्रोअँपिअरभर वीज खातं, म्हणजे सेल साधारण तीन वर्षं जायला हवा. सात-आठ महिन्यांतच संपला तर एक तर सेल खराब होता किंवा नवं मशीनच जास्त वीज खातंय. अशा वेळी दुकानात टेस्टरवर तपासून घ्या.

एक गोष्ट झाकण लावण्याआधी करा. त्याच्या आतल्या बाजूला भिंगाने पाहा. जुने घड्याळजी सेल घातल्याची तारीख तिथे सुईने कोरून ठेवत. वडील हे घड्याळ वर्षानुवर्षं वापरत असतील तर तिथे दोन-तीन तारखा कदाचित सापडतील. सापडल्या तर पुसू नका, त्यांच्याखाली आजची तारीख कोरा.